टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसणाऱ्यांना आत येऊ द्या

प्रति,
एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबईची कार्यकारिणी,
राज्याचे ग्रंथालय संचालनालय,
आणि महाराष्ट्र शासनाचा सांस्कृतिक कार्य विभाग

विषय: फोर्टमधला टाउन हॉल ठरलेल्या दिवशी, मराठीतून, सर्वांना दाखवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी नालासोपाऱ्यात राहते आणि फोर्टमधल्या एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. चर्चगेटला उतरून हुतात्मा चौक ओलांडला की वीर नरिमन रोड सरळ हॉर्निमन सर्कलला जातो आणि समोर टाउन हॉल दिसतो. एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आणि संग्रह तिथेच आहे. हे पत्र त्या वास्तूबद्दल आहे. मागणी एकच आहे. आत जे काही आहे ते बघायला आणि समजून घ्यायला सामान्य माणसाला हक्काची, ठरलेली वेळ द्या, आणि ते मराठीत समजावून सांगा. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं याच मागणीच्या पोटातलं आहे.

संध्याकाळी सहानंतर त्या पायऱ्यांवर बसायला जागा शोधावी लागते. कॉलेजची मुलं असतात. हेल्मेट मांडीवर ठेवून पुढच्या ऑर्डरची वाट बघणारे डिलिव्हरीवाले असतात. लग्न ठरलेली जोडपी फोटोग्राफरला घेऊन येतात आणि तो खालून ओरडत असतो, "दादा, अजून एक पायरी वर या, ताई, पदर मोकळा सोडा." हे सगळं मला मनापासून आवडतं. शहरात फुकट बसता येईल अशा जागा उरल्यात किती! पण यातलं कुणी वर दारापर्यंत जाताना फारसं दिसत नाही. माझ्या ऑफिसातल्या एका ताईंचा सगळा जन्म फोर्टात नोकरी करण्यात गेला, आता निवृत्ती जवळ आली आहे. त्यांनी मला एकदा विचारलं, "वर काय कोर्ट आहे का गं?" त्यांचा यात काहीच दोष नाही. तीस पायऱ्या, वर आठ अजस्र खांब, त्यावर दगडी त्रिकोण. हे बघून साधा माणूस आपणहून ठरवतो की इथे आपलं काही काम नसणार.

आणि नेमकं हेच मला खटकतं, कारण ही वास्तू गावाचं काम गावाने एकत्र बसून करावं म्हणूनच उभी राहिली. ती कल्पना निघाली १८११ साली. तेव्हाची मुंबई म्हणजे तटबंदीच्या आतलं एक छोटं गाव आणि तटाबाहेरच्या वाड्या. अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट या तीन दरवाजांतून आत-बाहेर करायचं. आगगाडी यायला अजून चाळीसेक वर्षं होती, माहीमचा कॉजवेही झाला नव्हता. अशा गावात न्यायाधीश असलेल्या सर जेम्स मॅकिंटॉश यांनी सुचवलं की गावाला एक टाउन हॉल हवा. पैसे उभे करायला लॉटरी काढली. ते पुरले नाहीत. काम १८२१ मध्ये सुरू झालं, पुन्हा पैशांची ओढाताण झाली आणि शेवटी उरलेला भार सरकारने उचलला, तेव्हा कुठे १८३३ मध्ये इमारत पुरी झाली. कल्पना निघाल्यापासून बावीस वर्षं! आराखडा बॉम्बे इंजिनिअर्समधल्या कर्नल थॉमस काउपर यांचा.

काउपर यांनी जे बांधलं तसं मुंबईत दुसरं काही नाही, हे मी पुन्हा पुन्हा बघून म्हणते. आपल्या डोळ्यांना सवय आहे ती व्हीटी स्टेशनच्या, विद्यापीठाच्या, हायकोर्टाच्या टोकदार कमानींची. पण त्या इमारती नंतरच्या, बहुतेक तट पाडल्यानंतरच्या. टाउन हॉल त्यांच्याआधीचा, आणि त्याची ओढ ग्रीसच्या देवळांकडे. बाहेरचे खांब डोरिक पद्धतीचे, बुटके वाटावेत इतके जाड, अंगावर उभ्या पन्हळी. आत गेलं की खांबांची जात बदलते, माथ्यावर पानांची नक्षी दिसते, ते कॉरिंथियन. पण ग्रीसचं ऊन आणि मुंबईचा आषाढ यांत जमीनअस्मानाचा फरक. म्हणून तळमजला नुसता आधारासारखा ठेवून मुख्य दालनं उंचावर नेली, छत उंच ठेवलं, आणि देवळाला शोभणार नाहीत अशा मोठ्या खिडक्या दिल्या. आत लाकडी जमीन आहे, गोल फिरत जाणारे लोखंडी जिने आहेत. परक्या देशाचा नमुना इथल्या दमट हवेपुढे कुठे वाकला आणि कुठे नाही वाकला, हे एका जागी उभं राहून दाखवता येईल अशी ही इमारत आहे. आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलांना ते शिकवतातच. आठवीतल्या मुलांनाही ते सहज कळेल, दाखवणारं कुणी असलं तर.

या इमारतीने मुंबईचं काय काय पाहिलं, ते थोडक्यात लिहिते. समोरच्या मोकळ्या मैदानावर कापसाच्या गासड्या पडायच्या. टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जमणाऱ्या दलालांतूनच पुढे शेअर बाजार उभा राहिला. १ नोव्हेंबर १८५८ रोजी कंपनी सरकार संपून राणीचं राज्य आल्याचा जाहीरनामा याच पायऱ्यांवरून वाचला गेला. मुंबई विद्यापीठाला स्वतःची इमारत नव्हती तेव्हा त्याचा कारभार इथूनच चालायचा.

आणि दार कुणाला उघडायचं हा प्रश्नही इथे नवा नाही. आपली एशियाटिक सोसायटी ही संस्था १८०४ ची. पहिली छत्तीस वर्षं तिच्यात एकाही हिंदी, म्हणजे भारतीय, माणसाला सभासद होता आलं नाही. माणकजी करसेटजी यांनी दार ठोठावलं, नकार ऐकला, आणि १८४० मध्ये ते पहिले हिंदी सभासद झाले. त्यानंतर जे घडलं ते बघा. डॉ. भाऊ दाजी लाड रुग्ण तपासता तपासता लेण्यांतले शिलालेख वाचू लागले आणि त्यावरचे निबंध त्यांनी या संस्थेपुढे मांडले. न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग संस्थेचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले. गिरगावात राहून वकिली करणाऱ्या पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड लिहिले, साडेसहा हजारांवर पानं, आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. दुर्गाबाई भागवत तर इथल्या वाचनालयाच्याच झाल्या होत्या. आणीबाणीत पोलीस त्यांना पकडायला आले तेव्हा त्या इथेच वाचत बसल्या होत्या. दार जरा उघडलं तर एवढी माणसं आत आली आणि त्यांनी एवढं काम केलं.

आता मी माझ्या गावाकडे वळते, कारण हे पत्र लिहायचं खरं कारण तिथे आहे.

नालासोपारा म्हटलं की लोकांना आठवते ती सकाळी आठची लोकल, पावसात तुंबलेलं पाणी आणि अनधिकृत इमारतींच्या बातम्या. आमच्या मुलांनाही तेच वाटतं. पण स्टेशनच्या पश्चिमेला, जुन्या सोपारा गावाकडे गेलं की झाडीत एक मोठा विटांचा ढिगारा लागतो. जुनी माणसं त्याला बुरूड राजाचा कोट म्हणायची. तो स्तूप आहे. सोपारा म्हणजे शूर्पारक, महाभारतात नाव असलेलं बंदर, परदेशी खलाशांनाही माहीत असलेलं. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे आमच्याच परिसरात सापडले.

१८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी हा स्तूप खणला. भगवानलाल मूळचे जुनागढचे, भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेले. स्तूपाच्या पोटात त्यांना एक दगडी पेटी मिळाली. तिच्यात तांब्याचा करंडक, आणि त्याच्याभोवती बुद्धाच्या आठ छोट्या धातूच्या मूर्ती बसवलेल्या, सात होऊन गेलेल्या बुद्धांच्या आणि आठवी पुढे येणाऱ्या मैत्रेयाची. तांब्याच्या करंडकात चांदीचा करंडक. चांदीच्या आत दगडाचा. दगडाच्या आत स्फटिकाचा. स्फटिकाच्या आत सोन्याचा, आणि त्या एवढ्याशा सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून कुणीतरी ते इतक्या मायेने गुंडाळून ठेवले होते. सोबत सोन्याची फुलं होती आणि यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणं.

हे सगळं तुमच्याकडे आहे. मी ज्या रस्त्याने रोज ऑफिसला जाते त्या रस्त्याच्या टोकाला आहे. हे मला कळलं ते शाळेत नाही, कॉलेजात नाही, तर एका जुन्या लेखातून, चाळिशी उलटल्यावर. त्या दिवशी मी माझ्या मुलीला सोनं, स्फटिक, दगड, चांदी, तांबं हा क्रम बोटांवर मोजून सांगितला. ती म्हणाली, "मग आपण बघायला कधी जायचं?" तिला मी काय सांगू, हा माझा तुम्हाला प्रश्न आहे. एखाद्या खास दिवशी, कुणाच्या तरी ओळखीने, असं उत्तर मला द्यायचं नाही. अमुक वारी, अमुक वाजता, असं उत्तर हवं.

तुमच्या संग्रहाबद्दल कुणी बोललं की पहिल्यांदा इटालियन कवी दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'ची हस्तलिखित प्रत निघते, आणि मुसोलिनीने ती मागितली होती ही गोष्ट सांगितली जाते. प्रत मोलाची आहे यात शंका नाही. १५१६ सालची महाभारतातल्या आरण्यकपर्वाची सचित्र पोथी आहे, अकबराची सोन्याची मोहर आहे, कुमारगुप्ताचं सोन्याचं नाणं आहे. पण वसई-विरारहून रोज लाखो माणसं या शहरात कामाला येतात, आणि त्यांच्या स्वतःच्या मातीतून निघालेला ठेवा कुठे आहे ते त्यांना ठाऊक नाही. दान्तेइतकीच, माझ्या मते त्याहून जास्त, ही गोष्ट सांगितली गेली पाहिजे. मातीचे ते तेरा तुकडे कुठल्याही राजाच्या मोहरेपेक्षा मला थोर वाटतात.

यावर काय म्हटलं जाईल याची मला कल्पना आहे. गर्दी झाली तर दुर्मिळ वस्तूंचं काय, सुरक्षेचं काय, माणसं कुठून आणायची, पैसा कुठून आणायचा. हे प्रश्न खोटे नाहीत. हिशेब लिहिणारी बाई आहे मी, पैसे झाडाला लागत नाहीत हे मला कळतं, आणि अपुऱ्या निधीत संस्था चालवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय डोळ्यांसमोर आणा. १८७२ ची इमारत. महापालिका, वारसा जतन करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन एकत्र आले, काही वर्षं काम चाललं, २००५ मध्ये त्या जीर्णोद्धाराला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये ते पुन्हा लोकांसाठी उघडलं. राणीच्या बागेत माकडं बघायला आलेली कुटुंबं तिथे शिरली आणि काही बिघडलं नाही. काचेच्या पेटीतली वस्तू लोकांनी बघितल्याने झिजत नाही.

झिजवणारी गोष्ट वेगळी आहे. ती म्हणजे पाणी. समुद्र जवळ, हवा खारी, चार महिने पाऊस. अशा हवेत कागदाला कसर लागते, बुरशी धरते, जुन्या लाकडात वाळवी शिरते. छपराचा एक सांधा सुटला तर खाली पुस्तकांचं कपाट आहे की रिकामा कोपरा आहे हे पाणी बघत नाही. आणि जुन्या दगडी भिंतीला घाईघाईने सिमेंटचा गिलावा मारला तर ओल आत कोंडते आणि दगडच पोखरते. अशा भिंतीला चुनाच लागतो, कारण चुन्यातून ओल बाहेर पडू शकते. ही कामं करणारे कारागीर मिळतात, पण त्यांना आयत्या वेळी निविदा काढून बोलावता येत नाही. म्हणून माझी विनंती आहे की दरवर्षी पावसाळ्याआधी छपराची, पन्हळांची आणि लाकूडकामाची तपासणी व्हावी, आणि काय सापडलं, काय दुरुस्त केलं, किती खर्च आला याचं एक पान इमारतीच्या दारावर लागावं. शासनाने किती दिले, संस्थेने किती घातले, हे लोकांना दिसलं तर मदतीला हातही पुढे येतील. आपल्याकडे जुनं पुस्तक दत्तक घेऊन त्याच्या जतनाचा खर्च उचलण्याची योजना आहे. ती किती जणांपर्यंत पोचली? तिची मराठीतली पाटी पायऱ्यांखाली लावा. शंभर-दोनशे रुपयांपासून भाग घेता येईल असं काही करा. ज्यांनी लॉटरीची तिकिटं घेतली तेही या गावचे रहिवासीच होते.

आता नेमकं काय हवं ते लिहिते. पायऱ्यांच्या तळाशी, माणूस बसतो त्या उंचीवर, मराठीत एक मोठी पाटी हवी. ही इमारत कोणती, कधीची, आत काय, आणि मी आत कधी येऊ शकते. इंग्रजी खाली असू द्या, हिंदीही असू द्या. महिन्यातला एक रविवार ठरवून टाका, कारण नोकरी करणाऱ्याला दुसरा दिवस मिळत नाही. त्या दिवशी दर तासाला एक गट आत घ्या आणि मराठीतून सगळं दाखवा. पुतळ्यांपासून सुरुवात करा. नाना शंकरशेट यांच्या पुतळ्यापाशी उभं राहून त्यांची गोष्ट सांगितली तरी अर्ध्या मुंबईचा इतिहास होतो. दाखवायला माणसं नसतील तर इतिहासाचे विद्यार्थी घ्या, त्यांना प्रमाणपत्र द्या, प्रवासखर्च द्या. ज्यांना तीस पायऱ्या चढवत नाहीत त्यांच्यासाठीची वाट त्याच पाटीवर बाणाने दाखवा. माझ्या आईला गुडघ्यांमुळे तीन पायऱ्याही जड जातात, आणि अशा आया घरोघरी आहेत.

सोपाऱ्याचे करंडक आणि मूर्ती यांना एक कायमची जागा द्या, सोबत स्तूपाचा नकाशा आणि मराठी मजकूर. आणि वसई-विरार महापालिकेशी बोलून त्यांच्या चांगल्या प्रतिकृती नालासोपाऱ्यात ठेवता येतील का, हे बघा. मूळ वस्तू परत द्या असं मी म्हणत नाही. त्या जिथे नीट राहतील तिथे राहाव्यात. पण बुद्धपौर्णिमेला स्तूपापाशी लोक जमतात, मेणबत्त्या लावतात, वंदना म्हणतात, तेव्हा त्या विटांच्या पोटातून काय निघालं ते निदान प्रतिकृतीत तरी त्यांच्या डोळ्यांपुढे असावं.

आणखी एक मागणी, आणि ही मला फार महत्त्वाची वाटते. टाउन हॉलमधल्या दरबार हॉलमध्ये विद्वानांची व्याख्यानं होतात, ती व्हावीतच. पण वर्षातून काही वेळा तिथे शहराची सभा भरू द्या. कोस्टल रोड, गिरण्यांच्या जमिनी, लोकलची गर्दी, चाळींचा पुनर्विकास, यावर नकाशे पुढ्यात ठेवून लोकांनी बोलावं, अधिकाऱ्यांनी उत्तरं द्यावीत. मुंबई आता तटाच्या आत मावत नाही, विरार, कसारा, पनवेलपर्यंत पसरली आहे. त्या सगळ्या लोकांनी एकत्र बसून बोलावं अशी जागा कुठे आहे? दोनशे वर्षांपूर्वीच्या छोट्या मुंबईला ती गरज कळली होती आणि तिने बावीस वर्षं चिकाटी धरली. वास्तूचा मूळ उपयोग सुरू ठेवणं हेही जतनच आहे. दगड साफ करून भागत नाही.

संस्थेने बरीच जुनी पुस्तकं आणि नियतकालिकं स्कॅन करून ग्रंथ संजीवनी या आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहेत, हे मी आवर्जून लिहिते. लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवर मी त्यातली काही चाळली आहेत. ते काम ज्यांनी केलं त्यांचे आभार. म्हणजे दार उघडायची इच्छा तुमच्याकडे आहे. ती आता त्या लाकडी दारापर्यंतही यावी.

या पत्राचं उत्तर मला खाजगीत नको. ते मराठीत आणि जाहीर द्यावं. पहिला रविवार ठरला की तारीख निदान महिनाभर आधी कळवा. नालासोपारा पश्चिमेच्या शाळांच्या मुख्याध्यापकांशी बोलायचं काम मी अंगावर घेते. मुलांचे गट करणं, पालकांची परवानगी, लोकलची तिकिटं, डबे, हे सगळं आम्ही आया मिळून बघू. रविवारी मेगाब्लॉक असतो, तेव्हा वेळ अकराच्या नंतरची ठेवा.

कळावे,
नालासोपाऱ्याची एक रहिवासी